बाबांची बुलेट, दीडशेचा टायर आणि पांदण रस्ता

पत्र थोडक्यात: 'काका, मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावचा. बाबांची २००३ ची बुलेट स्टँडर्ड ३५० आहे, उजव्या पायाच्या गिअरची. इंजिनचं काम गेल्या वर्षी करून घेतलं. आता गाडी बॉबरसारखी, म्हणजे आखूड मडगार्ड आणि मागे जाड टायर अशी करायची आहे आणि मागे १५० चा टायर घालायचा आहे. तालुक्याच्या ठिकाणचा वेल्डिंगवाला म्हणतो, "चिमटा कापून रुंद करून देतो, काई होत नाही." पण हीच गाडी वावरात जाते, दुधाच्या कॅन नेते, आई मागे बसते. दिवाळीनंतर मित्रांसोबत चिखलदऱ्याला जायचाही बेत आहे. १५० बसेल का? नाही तर कितीचा बसेल? ॲव्हरेज पडेल का? आणि आरटीओचं काय?'

उत्तर:

काका म्हटलंस म्हणून मीही तुला एकेरीतच लिहितो. निकाल आधी सांगतो. १५० नको, आणि चिमटा, म्हणजे मागचं चाक दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या फ्रेमच्या नळ्या, कापणं तर अजिबात नको. मागे १८ इंची रिम बांधून घे, तिच्यावर ११०/९० घाल (पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के ते). मोजमापाने साथ दिली तर १२०/८० पर्यंत जा, त्यापुढे नाही. पण नुसतं 'नको' ऐकून तू थांबणार नाहीस, आणि कारण कळल्याशिवाय थांबूही नये. म्हणून सगळं उलगडून लिहितो.

तुझ्या गाडीला कंपनीने मागे ३.२५-१९ चा टायर दिला. म्हणजे रुंदी साधारण ८२ मिलिमीटर, रिम १.८५ इंचाची. १५० म्हणजे जवळजवळ दुप्पट. हा टायर नीट बसायला चार-सव्वाचार इंच रुंदीची रिम लागते. आहे त्याच रिमवर रुंद टायर चढवून देणारे लोक भेटतील, त्यांचं ऐकू नकोस. अरुंद रिमवर टायरच्या दोन्ही कडा आत आवळल्या जातात आणि मधला भाग फुगून गोल होतो. मग रस्त्याला टेकते ती फक्त मधली पट्टी. रुंदीचे पैसे देऊनही पकड वाढत नाही, उलट वळणावर टायर रिमवर डुलतो आणि हवा कमी असताना त्याची कड जागेवरून सुटू शकते.

रिमचा प्रश्न पैशाने सुटेल, चेनचा सुटत नाही. गाडी मेन स्टँडवर लाव आणि डाव्या बाजूला खाली बसून बघ. मागचं चेन सॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक, आणि ब्रेकचा ड्रम हा तुझ्या गाडीत एकच ओतीव भाग आहे, ३८ दात थेट ड्रमवरच आहेत. दुसऱ्या गाड्यांत सॉकेटमागे चकती टाकून ते बाहेर सरकवता येतं, तसं इथे जमत नाही. सॉकेट सरकवायचं तर ड्रम, ब्रेक प्लेट, सगळंच सरकवावं लागेल. पुढचं छोटं सॉकेट तर त्याहून अडचणीच्या जागी आहे. जुन्या बुलेटमध्ये ते क्लचच्या मागे, प्रायमरी केसच्या, म्हणजे इंजिन आणि क्लच जोडणाऱ्या चेनच्या पेटीच्या आड बसतं. त्याला बाहेर यायला जागाच नाही. म्हणजे चेन आहे त्या रेषेतच राहणार, आणि टायर रुंद करायचा तर त्या रेषेच्या आतच मावला पाहिजे.

आता हिशोब कर. समज, टायरच्या मध्यरेषेपासून चेनच्या आतल्या कडेपर्यंत ७० मिलिमीटर भरले. १२० च्या टायरची अर्धी रुंदी ६०, म्हणजे १० मिलिमीटर उरले, आपल्या मिस्त्रींच्या भाषेत तीन सूत. १३० ला ५ उरतात. १४० ला काहीच उरत नाही. १५० चा टायर चेनच्या रेषेत पाच मिलिमीटर घुसतो. हा आकडा मी उदाहरणासाठी घेतलाय, तुझ्या गाडीचा तू मोज. धावताना चेन सरळ रेषेत राहत नाही, खड्ड्यात फटके मारते, आणि वेगात टायरही किंचित फुगतो. म्हणून उभ्या गाडीत टायर आणि चेन यांच्यात दहा मिलिमीटरच्या खाली जायचं नाही. टायरवर छापलेल्या रुंदीवरही विसंबू नकोस. एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर व्हर्निअर लावला की दोन-चार मिलिमीटरने वेगळे निघतात, आणि रिम रुंद घेतली की तोच टायर आणखी पसरतो.

काही जण यावर तोड सांगतात की स्पोक ओढून रिम उजवीकडे सरकवा, चेन आपोआप मोकळी होते. चेन मोकळी होते हे खरं, पण मग मागचं चाक पुढच्या चाकाच्या रेषेत राहत नाही. गाडी सरळ रस्त्यावर एका बाजूला ओढते आणि ब्रेक मारला की जास्तच ओढते. मागे आई बसणार असेल तर हा उद्योग करू नकोस.

चिमट्याबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटली म्हणून थोडं सविस्तर लिहितो. वेल्डिंगवाल्याच्या हाताबद्दल माझी तक्रार नाही. ट्रॉलीचा साटा, गेट, नांगराचा फाळ तो उत्तम जोडत असेल. पण चिमट्याची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या पुढच्या टोकाला बुश असतात आणि मागच्या टोकाला एक्सल. ही दोन टोकं एकमेकांना तंतोतंत समांतर असली पाहिजेत. कापलेली नळी वेल्ड केली की थंड होताना ती ओढली जाते, वाकते. हे टाळायला नळ्या घट्ट धरून ठेवणारा सांगाडा म्हणजे जिग लागतो, आणि तो बुलेटच्या चिमट्याच्या मापाचाच लागतो. एक-दोन मिलिमीटरचा पीळ राहिला तरी मागचं चाक तिरकं उभं राहतं. दुसरी गोष्ट लवकर डोळ्यांना दिसतही नाही. वेल्डच्या शेजारचं लोखंड तापून निबर होतं आणि खड्ड्यांचे हादरे खात खात तिथूनच बारीक चीर पडते. रंगाखाली ती कळत नाही. दोन कॅन आणि मागे माणूस घेऊन जाणाऱ्या गाडीला असा चिमटा मी कधीच सुचवणार नाही.

कंपनीने स्वतः काय केलं तेही बघ. २०२० मध्ये मीटिअर ३५० आली, तिला मागे १४०/७०-१७ आहे. तो टायर जुन्या बुलेटच्या फ्रेममध्ये कोंबून बसवला नाही, त्यासाठी फ्रेमसकट गाडीच नवीन केली. २०२१ च्या नव्या क्लासिक ३५० ला १२०/८०-१८ दिला. दीडशेची रुंदी रॉयल एनफील्डने दिली ती सुपर मीटिअर ६५० ला, १५०/८०-१६, आणि ती गाडी अडीचशे किलोच्या आसपास जाते. साडेतीनशेच्या जुन्या इंजिनामागे तेवढं जड चाक लावलंस तर उठाव मार खाईल, मागचा शॉकअपही त्या वजनाने जास्त आदळेल.

माझ्या लेखी खरा निकाल मात्र पांदण रस्ताच लावतो. तुझ्या भागातली माती काळी, आणि पेरणीच्या दिवसांत ती काय करते हे मी तुला सांगायला नको. चाकाला लागली की थरावर थर चढतो. त्यात गेल्या हंगामाचं कुटार, तुराटीच्या काड्या अडकल्या की मडगार्डच्या आत ठोकळा तयार होतो आणि चाक जाम होतं. मग माणूस धुऱ्यावर गाडी आडवी करून काडीने माती खोदत बसतो. ३.२५ च्या टायरभोवती मडगार्डमध्ये बऱ्यापैकी पोकळी आहे, म्हणून बाबांची गाडी आजवर निभावत आली. टायर जेवढा रुंद तेवढी माती जास्त उचलतो आणि तिला बाहेर पडायला जागा तेवढी कमी राहते. जाम चाकावर क्लच धरून रेस देत राहिलं की क्लच प्लेट जळतात, आणि तो खर्च नव्या रिमच्या खर्चात कुणी धरत नाही. म्हणून चेनकडे दहा मिलिमीटर सोडायचे ते सोडच, मडगार्डच्या आत मात्र दोन बोटं सहज फिरली पाहिजेत, वरही आणि दोन्ही बाजूंनाही.

बॉबर करायचं म्हणून मडगार्ड कापून टाकायचं मनात असेल तर तेही थोडं थांबव. मडगार्ड गेलं की चिखल उडतो तो आईच्या पाठीवर, आणि सीटखालच्या वायरिंगवर, बॅटरीवर. साडीगार्डला तर हातच लावू नकोस. मोटार वाहन नियमांतला नियम १२३ सांगतो की मागे बसणाऱ्यासाठी धरायला हँडल, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि निम्म्याहून कमी नाही एवढं मागचं चाक झाकणारं आवरण गाडीला हवंच. पदर, ओढणी, गळ्यातला दुपट्टा चाकात जाऊ नये म्हणून तो नियम आहे. मडगार्डचं मागचं टोक थोडं आखूड करून, कड गोल करून घेतलीस तरी गाडी बरीच हलकी दिसते. तेवढ्यावर थांब.

आता १८ ची रिम का, ते सांगतो. तुझ्या आताच्या टायरची उंची, म्हणजे जमिनीपासून वरपर्यंतचा व्यास, साधारण ६४८ मिलिमीटर. १२०/८०-१८ चा व्यास येतो ६४९. ११०/९०-१८ चा ६५५. म्हणजे चाकाची उंची जवळपास तीच राहते, फक्त टायर भरतो. गिअरिंग बदलत नाही, स्टँड बदलत नाही, गाडीचा पुढचा-मागचा तोल तोच राहतो. याउलट १५०/६०-१७ घेतलास तर व्यास ६१२ वर येतो. गाडी मागून १८ मिलिमीटर खाली बसते, पुढचा फोर्क तेवढा आडवा होतो आणि हँडल जड लागतं. साइड स्टँडवर गाडी सरळ उभी राहते आणि वाऱ्यानेही पलीकडे पडू शकते, मेन स्टँडवर चढवायला मात्र जास्त जोर लागतो. पांदणीतल्या मधल्या उंचवट्याला खालचा पाइप घासतो. वर टॉप गिअरला सत्तरच्या वेगात इंजिन एरवी चौऱ्याहत्तरला फिरलं असतं तेवढं फिरतं. तुझ्या ॲव्हरेजच्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. जड चाक, जास्त रबर रस्त्यावर आणि जास्त फिरणारं इंजिन, तिन्हींमुळे पेट्रोल जास्तच जाणार. १८ वर ११० घातलास तर फरक जाणवण्याइतका पडू नये.

गाडी भरदार दिसायला हवी हे मला कळतं, आणि ती हौस रास्त आहे. पण भरदारपणा रुंदीपेक्षा टायरच्या बाजूच्या भिंतीच्या उंचीवर जास्त असतो. १५०/६० ची भिंत ९० मिलिमीटरची, ११०/९० ची ९९. चार इंची जुन्या पद्धतीचा ४.००-१८ मिळाला तर तो याहूनही गुबगुबीत दिसतो आणि जुन्या बुलेटच्या अंगाला शोभतो. ठोकळ्यांची नक्षी असलेला घे. वावरातही चालेल, डांबरीवरही चालेल.

काम कसं करायचं ते सांगतो. आधी मोजमाप. मेन स्टँडवर गाडी, टायरच्या मध्यावर खडूने रेघ. तिथून डावीकडे चेनच्या आतल्या कडेपर्यंत, मग डाव्या आणि उजव्या बाजूला चिमट्याच्या नळीपर्यंत. हे शेवटचं माप एक्सलपाशी घेऊ नकोस. चिमटा पुढे बुशकडे अरुंद होत जातो, आणि टायरचा पुढचा भाग नेमका तिथेच घासतो. म्हणून जिथे टायर चिमट्यात सर्वांत पुढे शिरतो तिथे मोज, आणि चेन टाइट करायचे ॲडजस्टर पुढे असताना मोज, कारण नवीन चेन घातल्यावर चाक पुढेच येणार आहे. ब्रेकचा रॉड आणि चेनकव्हरही नजरेत ठेव.

रिम घेताना ११० ला अडीच इंची, १२० ला अडीच ते तीन इंचाच्या दरम्यानची. टायर कंपनीच्या तक्त्यात त्या मापासमोर रिमची रुंदी दिलेली असते, ती दुकानदाराकडून बघून घे. बुलेटच्या हबला ४० स्पोक असतात, रिमची भोकं तेवढी हवीत. जुने स्पोक चालणार नाहीत, १८ च्या रिमला ते लांब पडतात. तेवढ्या मापाचे नवे करून घे. रिम बांधणारा अनुभवी शोध, यवतमाळला किंवा अमरावतीला गेलास तरी फेरी वाया जाणार नाही. जुनं चाक खोलण्याआधी त्याला एक माप घ्यायला सांग, हबच्या कडेपासून रिमच्या कडेपर्यंत. रिमचा मध्य जिथे होता तिथेच नव्या रिमचा आला पाहिजे. मग वरखाली आणि डावीउजवीकडचा आउट, म्हणजे फिरताना चाकाचं डुलणं, काढायचा. स्पोकची टोकं आतून कानसने सपाट करून त्यावर रबरी पट्टी घालायला लाव, नाहीतर ट्यूब टोचत राहील. स्पोकच्या रिमला ट्यूबच लागणार, आणि ते तुझ्या सोयीचंच आहे. बाभळीचा काटा गेला की गावातलाच पंक्चरवाला काढून देईल.

टायर नवीनच घे. जुन्या बाजारात रुंद टायर स्वस्त मिळतात, पण बाजूच्या भिंतीवर चार आकडे एका चौकटीत कोरलेले असतात ते वाच. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ११२३ म्हणजे २०२३ चा अकरावा आठवडा. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, त्या उन्हात दुकानाबाहेर टांगलेलं रबर नक्षी शाबूत असूनही कडक झालेलं असतं आणि पहिल्या पावसात घसरतं. त्याच भिंतीवर वजनाचा आकडा असतो. ५४ लिहिलं असेल तर तो टायर २१२ किलो पेलतो, ६२ असेल तर २६५. तुझ्या दुधाच्या कॅन लक्षात घेता आताच्या टायरवर जो आकडा आहे त्याहून खालचा घेऊ नकोस.

चाक बसल्यावर रेष बघायची. दोन माणसं आणि सुतळी पुरेत. मागच्या टायरला एक्सलच्या खाली, सुतळीला काही आडवं येणार नाही अशा उंचीवर मागून सुतळी गुंडाळ, दोन्ही टोकं दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकापर्यंत ताणून ने. सुतळी मागच्या टायरच्या पुढच्या कडेला नुसती टेकेल एवढीच धरायची, दाबायची नाही. मागचा टायर आता रुंद आहे, म्हणून पुढे दोन्ही बाजूंना फट दिसेल. हँडल सरळ धरून ती फट पुढच्या टायरच्या पुढच्या आणि मागच्या कडेपाशी मोज. डावीकडे जेवढी तेवढीच उजवीकडे आली की चाकं रेषेत आहेत. कमी-जास्त असेल तर आधी ॲडजस्टर बघ. त्याने जमत नसेल तर रिम बांधणाऱ्याकडे परत जा, वायसर टाकून जुळवाजुळव करू नकोस. चेनला पाऊण ते एक इंच ढील ठेव, आणि ती मागे माणूस बसवून एकदा तपास.

पहिली फेरी रिकामी, गावाच्या आसपास. त्याआधी टायरच्या दोन्ही खांद्यांना ओला खडू फासून वाळू दे. मग मागे मित्राला बसवून खराब रस्त्याने दहा किलोमीटर जा. परत आल्यावर खडू कुठे पुसला गेलाय ते बघ. चेनकव्हरकडून, मडगार्डच्या बोल्टकडून, जिथे घासलं तिथे पट्टा स्वच्छ दिसतो. हवा एकट्याला २८ च्या आसपास, मागे माणूस किंवा ओझं असेल तर ३० ते ३२. दोन-तीनशे किलोमीटर झाले की स्पोक पुन्हा आवळून घे, नवीन बांधलेलं चाक तेवढ्यात थोडं बसतंच.

चिखलदऱ्याबद्दल. परतवाड्याहून वर जाताना घाटात सलग वळणं आहेत. मागचा टायर रुंद झाला की गाडी वळणात झुकायला थोडी नाखूश होते, तेवढ्याच वळणाला जास्त झुकवावी लागते. पुढचा ३.२५ तसाच राहणार, त्यामुळे हा फरक सुरुवातीला हाताला कळेल. ११० ला तो थोडा असतो आणि दोन-तीन दिवसांत अंगवळणी पडतो. बदल करून लगेच घाटात जाऊ नकोस. पंधरा दिवस गावाकडच्या रस्त्यावर चालव, मग जा.

आरटीओचं सरळ आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ म्हणतं की नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२ अ आलं, त्यात मालकाने परवानगी नसलेला बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. चिमटा कापणं थेट या कलमात सापडतं. ११० च्या चाकाबद्दलही यवतमाळच्या कार्यालयात आधी विचारून घे, आणि विमा कंपनीला लेखी कळव, म्हणजे पुढे क्लेमच्या वेळी बोट ठेवायला जागा राहणार नाही. शिवाय गाडी २००३ ची आहे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण लागतं आणि त्या वेळी गाडी तपासणीला उभी करावी लागते. म्हणून जुनी रिम आणि जुना टायर भंगारात देऊ नकोस. ग्रीस लावून, पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेव. चिमट्याला हात लावला नसशील तर गाडी कधीही मूळ रूपात आणता येते.

बाबांना विचारल्याचं तुझ्या पत्रात कुठे दिसलं नाही. गाडी त्यांच्या नावावर आहे, विमाही त्यांच्या नावावर असणार, म्हणून आधी त्यांच्याशी बोल. १५० चा विषय सोडलास आणि मडगार्ड, साडीगार्ड राहतंय हे दाखवलंस तर ते ऐकून घेतील असं मला वाटतं. मग मध्यरेषेपासून चेनपर्यंतचं आणि दोन्ही बाजूंच्या नळीपर्यंतचं, अशी तिन्ही मापं मिलिमीटरमध्ये लिहून पाठव, मडगार्डच्या आतली रुंदीही पाठव. १२० बसतो की ११० वरच थांबायचं, ते त्यावरून नक्की सांगतो. तोवर रिमचे पैसे कुणाला देऊ नकोस.